कल्हई की मुलामा?

'वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे' अशी सूचना महाविद्यालयाच्या फलकावर लागली, तेव्हा माझ्या मित्रांनी भराभर विषय वाटून घेतले. कुणी हुंडा घेतला (हसू नका, विषय म्हणून!), कुणी पर्यावरण घेतले, कुणी पहिला पाऊस. माझ्या वाट्याला उरला मोटारगाडीच्या रंगावर चढवायचा लेप. लोक त्याला 'सिरॅमिक कोटिंग' म्हणतात. कला शाखेच्या विद्यार्थ्याने असल्या विषयावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. पण याच विषयाने माझे दोन वर्षांचे शुल्क भरले आहे. तेव्हा त्याचे थोडे ऋण फेडावे म्हणतो.

माझे बाबा राईस मिलमध्ये हमाली करतात, आई विड्या वळते. आमच्या घरातून दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. खरे सांगायचे तर माझ्याहून माझा थोरला भाऊ हुशार होता. त्याची तोंडी गणिते ऐकून गुरुजी थक्क होत. पण दोघांचे शिक्षण झेपणारे नव्हते. दहावीनंतर दादा गोंदियातल्या एका वॉशिंग सेंटरवर कामाला लागला आणि आज तो तिथला लेप चढवणारा कारागीर आहे. रविवारी आणि दिवाळीच्या सुटीत मीही त्याच्या हाताखाली राबतो. म्हणून पुढे जे लिहितो आहे ते पुस्तकात वाचलेले थोडे आणि हाताने केलेले जास्त आहे.

या लेपाची पहिली चर्चा आमच्या घरी जेवताना झाली. एका मध्यम गाडीला अठरा हजार रुपये पडतात, हे ऐकून बाबांचा घास हातातच राहिला.

"अठरा हजार? अन् ते दिसते का?"

"दिसत नाही बाबा. काचेसारखं असते."

"मंग लावला का नाही लावला, कसं समजते?"

दादा हसला, पण उत्तर कुणालाच देता आले नाही. बाबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आधी हा लेप म्हणजे काय ते सांगतो. गाडीच्या पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला कारागीर 'क्लिअर कोट' म्हणतात, असे थर असतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या जेमतेम दीडपट-दुप्पट. त्यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. सिरॅमिकचा लेप बहुधा एक-दोन मायक्रॉनचाच असतो. तो सिलिकॉनच्या संयुगांपासून बनवतात. बाटलीत तो द्रावकात विरघळलेला पातळ द्रव असतो. गाडीवर चढवला की द्रावक उडून जातो, उरलेला भाग हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावतो आणि घट्ट होतो.

लेप लावणे हे कामातले सर्वांत छोटे काम. आधी गाडी धुवायची. मग मातीच्या गोळ्यासारखा 'क्ले बार' पत्र्यावर फिरवून चिकटलेली घाण काढायची. मग मशीनने बफिंग करून बारीक ओरखडे घालवायचे. या घासण्यात क्लिअर कोटचेही एक-दोन मायक्रॉन जातात, म्हणून वरचेवर बफिंग करणे म्हणजे कातडी सोलून गोरे होण्यासारखे आहे. त्यानंतर स्पिरिटने तेलकटपणा पुसायचा आणि मग एकेका भागावर उभे-आडवे हात मारून लेप पसरायचा. थोड्या वेळात त्याच्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते. तो क्षण साधून मऊ कापडाने पुसून सारखा करायचा. क्षण चुकला तर डाग तसाच घट्ट होतो आणि पुन्हा घासून काढावा लागतो. दादा तो क्षण डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ओळखतो.

आता या लेपाचा उपयोग. पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन घरंगळते. आमच्या गावच्या बोडीतल्या कमळाच्या पानाची आठवण येते. कमळाच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि त्यांवर मेण असते. लेप मात्र गुळगुळीत असतो, त्यामुळे त्याला कमळाची सर येत नाही. तरीही घाण कमी चिकटते, गाडी लवकर धुऊन होते. पाखरांची विष्ठा आणि झाडाचा चीक रंगाला खातात. लेप असला तर पुसून काढायला थोडी सवड मिळते. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अशा उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ही सवड कामाची आहे.

पण जाहिरातीत सांगतात ते सगळे खरे नाही. 'नाईन एच कठीणपणा' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि ऐकणाऱ्याला वाटते की हिऱ्याच्या खालोखाल काहीतरी असावे. वास्तविक हे माप पेन्सिलींचे आहे! वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली पृष्ठभागावर ओढून पाहतात, आणि ९एच ही त्या मापातली सर्वांत कठीण पेन्सिल. तिचा ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्याला दहा गुण देणारे खनिजांचे माप निराळे. रस्त्यावरची वाळू पेन्सिलीहून कितीतरी कठीण आहे. देवरीच्या हमरस्त्यावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा एक मायक्रॉनच्या लेपाला विचारत नाही. बोअरवेलचे जड पाणी उन्हात वाळले तर लेपावरही क्षारांचे पांढरे डाग पडतात. आणि 'एकदा लावा, धुण्याची चिंता सोडा' हे तर साफ खोटे. धुवावे लागतेच.

लेप हा प्रकार आपल्याला नवा नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पळसा-कुसुमाच्या झाडांवर लाखेचे किडे वाढतात. त्यांची लाख शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवली की लाकडावर चढवायचे पॉलिश तयार होते. इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्दसुद्धा मुळात आपल्या 'लाक्षा'वरून गेलेला आहे. विलायती बाटलीतला सिलिकाही आपल्याला परका नाही. बाबा ज्या मिलमध्ये पोती उचलतात तिथे शंभर किलो धानामागे वीसएक किलो तूस निघते. ते जाळले तर चारएक किलो राख उरते आणि त्या राखेचा बहुतेक भाग सिलिकाच असतो. धानाच्या दाण्याला निसर्गाने आधीच सिरॅमिक करून ठेवले आहे, आणि तेही फुकट!

माझ्या आजीच्या वेळी गावात कल्हईवाला येई. पितळेच्या भांड्याला तो कथिलाचा हात देई, म्हणजे आंबट पदार्थ कळकत नसे. कल्हई भांड्यासाठी नव्हतीच, जेवणाऱ्यासाठी होती. दुसरा लेप मुलाम्याचा. आतले पितळ झाकून सोन्याचा भास करणे एवढेच त्याचे काम. वारणावताचे लाक्षागृह तसेच होते. भिंती चकाकत होत्या आणि आत मरण दडले होते. प्रत्येक लेपाला हा प्रश्न विचारला पाहिजे : तू कल्हई आहेस की मुलामा?

सिरॅमिकचा लेप मुलामा आहे असे मी म्हणणार नाही. कर्ज काढून घेतलेली गाडी ही एखाद्या कुटुंबाची सर्वांत मोठी वस्तू असते. ती जपावीशी वाटणे हा गुन्हा नव्हे. बाबांनी सायकल घेतली तेव्हा तिच्या दांडीवरचे प्लास्टिक त्यांनी तीन वर्षे काढू दिले नव्हते. अठरा हजारांत आणि त्या प्लास्टिकमध्ये भावना एकच आहे. माझे भांडण जपण्याशी नाही. आपण काय जपतो आणि काय उघडे सोडतो, याच्याशी आहे.

कारण ज्या दुकानात दुसऱ्याच्या पत्र्याला कवच चढते, तिथे कवच चढवणाऱ्याचे हात उघडे असतात. लेपाच्या बाटलीबरोबरच्या कागदावर स्पष्ट लिहिलेले असते, की हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, वाफ नाकात जाऊ देऊ नका. धूळ बसू नये म्हणून आमच्याकडे शटर ओढून घेतात आणि तोंडाला रुमाल बांधतात. रुमालाने धूळ अडते, द्रावकाची वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाच्या गाळणीचा मुखवटा लागतो. दादाच्या बोटांची कातडी कोरडी होऊन फाटली आहे. आई रात्री त्यावर खोबरेल चोळते. काम असलेल्या दिवशी त्याचे डोके दुखते आणि तो जेवत नाही. तो चढवतो तो लेप पाच वर्षे टिकेल अशी हमी आहे. त्याच्या बोटांची हमी कुणी दिलेली नाही.

मी शिष्यवृत्तीच्या पैशांतून शंभर रबरी हातमोज्यांचा डबा पाचशे रुपयांना आणला. एका गाडीच्या लेपाच्या पैशांत असे छत्तीस डबे येतात. दादाने दोन दिवस ते घातले आणि मग काढून ठेवले. म्हणाला, "मोज्यातून बोटाले समजत नाही. डाग राहिला तर पैसे माझेच कापतात." मी गप्प झालो. मोजे आणून देणे सोपे होते. डाग राहिला तरी पगार कापला जाणार नाही, हे मी त्याला कुठून आणून देणार? मालकालाही दोष देऊन भागत नाही. त्याच्या डोक्यावर मशीनचे कर्ज आहे, आणि गाडीला बारा लाख मोजलेले गिऱ्हाईक लेपासाठी पाचशे रुपयांची घासाघीस करते.

म्हणून माझे मत असे. मालकांनी हातमोजे, योग्य मुखवटा आणि खेळती हवा हे लेपाच्या खर्चातच धरावे. नवशिक्या बोटांना मोज्यांची सवय होईपर्यंत डागाचा भुर्दंड कामगारावर टाकू नये. आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी, यात आपल्या वाहनतळावरची काही वंदनीय वाहनेही आली, लेप किती वर्षे टिकेल हे विचारताना लावणाऱ्याच्या हातात मोजे आहेत का, हेही विचारावे. गिऱ्हाइकाने विचारले की मालकाला सुचते. यात उपकार नाही, स्वार्थच आहे. बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच सापडले. न दिसणारा लेप लावला की नाही, हे लावणाऱ्याच्या इमानावरूनच समजते. अठरा हजार रुपये आपण बाटलीला देत नाही, त्या इमानाला देतो. मग ज्या हातांवर एवढा विश्वास टाकायचा, त्यांची काळजी कुणी घ्यायची?

आता एक कबुली. गेल्या दिवाळीत माझा एक वर्गमित्र वडिलांबरोबर त्यांची गाडी न्यायला दुकानात आला. ती गाडी दादाने आणि मी मिळून केली होती. चारही दरवाजांचे बफिंग माझे होते. पण तो आत शिरताच मी दुसऱ्या गाडीमागे खाली बसलो. चाक तपासतो आहे असे दाखवले. तो जाईपर्यंत उठलो नाही. दादाने पाहिले. तो काहीच बोलला नाही. किल्ली त्यांच्या हातात दिली आणि शांतपणे कापडे धुवायला गेला.

त्या दिवशी मला कळले की कॉलेजच्या दोन वर्षांत माझ्यावरही एक लेप चढला आहे. शुद्ध बोलतो, सदऱ्याला इस्त्री करतो, घरचे पाणी अंगावरून घरंगळून जाईल अशी व्यवस्था केली आहे. शिक्षणाने मला उन्हापावसात टिकण्याचे बळ दिले असेल तर ती कल्हई. दादाच्या फाटलेल्या बोटांपासून लपायला शिकवले असेल तर तो मुलामा, आणि मग त्याने माझ्यासाठी सोडलेली शाळा फुकट गेली म्हणायची. हा प्रश्न माझ्या एकट्याचा नसावा. या महाविद्यालयात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. घरची पहिलीच पदवी घ्यायला आलेले, आणि बाबा काय करतात असे विचारले की 'नोकरी' म्हणून पुढे सरकणारे.

माझा तो वर्गमित्र हा अंक वाचील तेव्हा त्याला उलगडा होईलच. मित्रा, चाकामागे बसलेला तो मीच होतो. सहा महिन्यांनी लेप एकदा तपासून घ्यायचा असतो, तुझ्या गाडीची ती वेळ आता झालीच आहे. रविवारी ये. मी समोरच असेन. दादाशी तुझी ओळख करून देईन.

— बी. ए. द्वितीय वर्ष