तोच शनिवारवाडा, पुन्हा?

मंडळी, शनिवारवाड्याचा फोटो म्हटला की दिल्ली दरवाजा, बाजीरावांचा पुतळा आणि मधोमध हसणारे पाहुणे! कॅमेरे गेले, मोबाइल आले. उभं राहायची जागा मात्र तीच.

माझं म्हणणं, नवं ठिकाण शोधण्यापेक्षा नवी वेळ शोधावी. दिल्ली दरवाज्याचं तोंड उत्तरेला. त्यामुळे डिसेंबरात सूर्य वाड्यामागून फिरतो आणि दर्शनी बाजू सावलीतच राहते. मे-जूनमध्ये, ढग नसतील तर, सकाळी बुरुजावर तिरपं ऊन येतं आणि एकेक चिरा उठून दिसतो. कधी अगदी जवळ जाऊन, हत्तींना रोखण्यासाठी दारावर ठोकलेले ते अणकुचीदार खिळेच टिपावेत.

आणि हो, माणसं टाळू नयेत. आतला वाडा १८२८ च्या आगीत जळाला. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ मध्ये. म्हणून नांदत्या वाड्याचा एकही फोटो नाही. आज तटाच्या सावलीत टेकलेले आजोबा, फुगेवाला, समोरची रहदारी, हे तरी कुठे कायमचं आहे? रोजचं म्हणून आपण जे टिपत नाही, तेच आधी हरवतं.

तुमच्या गावात असं काय आहे? उद्या जरा वेगळ्या वेळी जाऊन बघा.