पणजोबांचा दाखला आणि तुमची सीट

व्हॅलिडिटीची वाट बघत बसू नका. तिच्या मागे लागा. आणि मागे लागता लागता हा प्रश्नही विचारा की पुरावा शोधायचं सगळं ओझं सतरा वर्षांच्या पोरांवरच का?

निकाल लागला. टक्के बरे पडले. सीईटीही बऱ्यापैकी गेली. इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री, नर्सिंग, जे काय ठरलंय त्याचा ऑनलाइन फॉर्म भरायला तुम्ही बीबीतल्या एखाद्या सेतू केंद्रात बसलाय. नाव, मार्क, फोटो, सही, सगळं अपलोड झालं. मग समोरचा मुलगा स्क्रीनवरची नजर न काढता विचारतो, ‘व्हॅलिडिटी आहे का?’

जातीचा दाखला आहे, तो मेहकरच्या उपविभागीय कार्यालयातून मागेच आणलाय. पण दाखला वेगळा आणि व्हॅलिडिटी वेगळी, हे आपल्याकडच्या कितीतरी पोरापोरींना नेमकं त्याच दिवशी कळतं. दाखला मिळाला म्हणजे जात लिहून मिळाली. ती खरी आहे का, हे जिल्ह्याची जात पडताळणी समिती तपासते आणि मग जात वैधता प्रमाणपत्र देते. व्यावसायिक अभ्यासक्रमाची राखीव सीट या दुसऱ्या कागदावर टिकते. तो मुदतीत आला नाही, तर नाव खुल्या प्रवर्गात जातं. मग एक तर सीट जाते, नाहीतर फी अशी वाढते की बाप गप्प होतो आणि माय दागिन्यांचा डबा काढते.

दरवर्षी हेच होतं. दरवर्षी ओरड होते, दरवर्षी मुदतवाढीची मागणी होते. कधी मिळते, कधी नाही. मुदतवाढीच्या भरवशावर करिअर ठरवायचं असेल तर मटका काय वाईट?

आता हा कागद इतका का रखडतो ते समजून घ्या, कारण तिथंच अर्धं उत्तर आहे. व्हॅलिडिटी म्हणजे वंशाचा पुरावा. तुमची जात तुमच्या वडिलांकडून आली, त्यांची आजोबांकडून, हे कागदांच्या साखळीनं जोडून दाखवायचं. तेही ठरावीक तारखेच्या आधीच्या नोंदीपर्यंत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे तुमचा जन्म व्हायच्या चाळीस-पन्नास वर्षं आधी तुमच्या घरातलं कोणीतरी शाळेत गेलं असलं पाहिजे, नाहीतर कोतवालानं त्याच्या जन्माची नोंद तरी केलेली असली पाहिजे, आणि ते रजिस्टर वाळवीपासून वाचलेलं असलं पाहिजे.

आपल्या भागाचं आणखी एक त्रांगडं आहे. बीबी आज लोणार तालुक्यात आहे, पण लोणार हा स्वतंत्र तालुका नंतर झाला. त्याआधी लोणारचा भाग मेहकर तालुक्यात होता, त्यामुळे जुनं दप्तर शोधायला मेहकरला जावं लागतं. १९५६ पर्यंत बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. पलीकडे जालना जिल्हा लागला की निजामाचा मुलूख. तिथलं दप्तर वेगळं, कितीतरी नोंदी उर्दूत. ज्यांचे पणजोबा त्या बाजूनं इकडे येऊन राहिले, त्यांनी काय करायचं? शिवाय जुन्या नोंदीत आडनाव नसतं. नुसतं नाव आणि बापाचं नाव. त्यात मोडी लिपी. त्यात एका भावाच्या नावापुढे एक स्पेलिंग, दुसऱ्याच्या पुढे दुसरं.

ही झाली ज्यांच्या घरात कागद आहे त्यांची गोष्ट. ज्यांचे आजोबा पालावर वाढले, बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगाव फिरले, शाळेची पायरी कधी चढलेच नाहीत, त्यांचं काय? आरक्षण त्यांना शिक्षण मिळालं नाही म्हणून दिलं. आणि ते आरक्षण घ्यायला पुरावा मागतो आपण आजोबांच्या शाळेचा. हे जरा थांबून वाचा.

तुम्ही म्हणाल, मग पडताळणी नकोच का? तसं नाही. खोटे दाखले काढून खऱ्या गरजू पोरांच्या सीटा खाल्ल्याची प्रकरणं आपल्याच राज्यात झाली आहेत. पडताळणी समित्यांची चौकट ज्या निकालातून आली, तो सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा माधुरी पाटील निकालही महाराष्ट्रातल्या मेडिकल प्रवेशाच्या, खोट्या ठरलेल्या दाव्यावरच होता. त्या निकालात न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, प्रवेशाच्या किमान सहा महिने आधी अर्ज करा. दोन, चौकशी शक्यतो रोजच्या रोज चालवून दोन महिन्यांच्या आत संपवा. यातली पहिली गोष्ट आपल्याला सगळेच ऐकवतात. ‘आधी का नाही केलं?’ दुसरी गोष्ट मात्र कुणी कुणाला ऐकवत नाही. वेळेचं बंधन पोरांना, सवड कार्यालयाला, हा कुठला न्याय?

आणि उशिरानं खोटेपणा थांबतो असंही नाही. ज्याच्या हातात पैसा आहे त्याला वाट काढून देणारे एजंट भेटतात. लटकतो तो खरा अर्जदार, ज्याच्याकडे बुलढाण्याला चौथी चकर मारायला गाडीभाडं नाही. बीबीहून मेहकर, चिखली करत बुलढाणा गाठायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि बापाची एक दिवसाची मजुरीही. तिथं ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ ऐकून परत यायचं. उशीर म्हणजे गरिबानं भरायचा वेगळा दंडच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही.

बरं, संतापून झालं. आता कामाचं बोलू.

पहिलं म्हणजे अकरावीतच सुरुवात करा. बारावीच्या निकालाची वाट बघू नका. विद्यार्थ्यांचा अर्ज कॉलेजच्या पत्रासह जातो, म्हणून प्राचार्यांची सही-शिक्का वेळेत घ्या. कॉलेज टाळाटाळ करत असेल तर चार-पाच जण मिळून जा. एकट्याला ‘उद्या ये’ म्हणतात, पाच जणांना म्हणणं जड जातं.

दुसरं, आधी घरात विचारा की कुणाची व्हॅलिडिटी झालीय का. सख्खा भाऊ, बहीण, काका, आत्या, चुलतभाऊ. आईकडची नाही, वडिलांकडची रक्ताची नाती. मुंबई उच्च न्यायालयानं २०१० च्या अपूर्वा निचळे प्रकरणात सांगितलंय की वडिलांकडच्या रक्तनात्यात आधी वैधता मिळालेली असेल, ती फसवणुकीनं मिळवलेली नसेल, तर समितीनं दुसऱ्या नातेवाइकाला सहसा ती नाकारू नये. म्हणजे काकाशी बांधावरून भांडण असलं तरी त्यांच्याकडे जा, चहा घ्या, झेरॉक्स मागा. व्हॅलिडिटीनं कितीतरी घरांत बोलणं पुन्हा सुरू केलंय!

कुणाचीच नसेल तर शोध सुरू करा. आजोबा, चुलत आजोबा, आजोबांची बहीण, सगळ्यांची यादी काढा. ते ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश-निर्गम उतारा मागा. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद मागा. जुनं खरेदीखत, हक्कनोंदणीचा उतारा, जे सापडेल ते. तोंडी ‘सापडत नाही’ म्हणाले तर लेखी अर्ज द्या. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आणि नोंद नसेल तर ‘नोंद आढळत नाही’ हेही लेखी घ्या, ते पुढे कामाला येतं.

तिसरं, वंशावळ नीट काढा. शपथपत्रात लिहिलेली वंशावळ आणि जोडलेले कागद यांच्यात नावाचा फरक दिसला की फाइल थांबते. फरक असेलच तर लपवू नका, तो का आहे हे शपथपत्रात आधीच सांगा. आणि अशा शपथपत्राला पाचशे रुपयांचा मुद्रांक लागतो असं कुणी म्हणालं तर देऊ नका. मुद्रांक शुल्क माफ आहे.

चौथं, पावती मिळाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. कितीतरी अर्ज ‘त्रुटी’ या एका शब्दावर अडकलेले असतात आणि अर्जदाराला पत्ताच नसतो, कारण अर्जात नंबर सेतूवाल्याचा आणि मेल त्याच्याच दुकानाचा. नंबर आणि मेल स्वतःचाच द्या. दर आठवड्याला स्टेटस बघा. त्रुटी आली की लगेच उत्तर द्या आणि उत्तराची पोच घ्या. प्रवेशाची तारीख जवळ आली की तारखेच्या पुराव्यासह समितीला लेखी विनंती करा. जे जे कराल ते कागदावर. उद्या उच्च न्यायालयात जायची वेळ आलीच, तर ‘आम्ही लई चकरा मारल्या’ याला किंमत नसते, पोच असलेल्या चार अर्जांना असते. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट मात्र करू नका. ‘चाळीस हजार दे, पणजोबाचा दाखला बनवून देतो’ म्हणणारा भेटेल. त्याला लांबूनच नमस्कार करा. २००० च्या अधिनियमात, जो २००१ पासून लागू आहे, खोट्या दाखल्यासाठी सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे. पदवी, नोकरी, घेतलेले लाभ, सगळं परत जातं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलंय की अवैध ठरलेल्या दाखल्यावर मिळवलेली नोकरी किंवा प्रवेश नुसती बरीच वर्षं गेली म्हणून वाचत नाही.

हे सगळं तुम्ही कराल. पण तुम्हीच का करायचं, हा प्रश्न उरतोच. कायद्यानं पुराव्याचा भार अर्जदारावर टाकलाय. ठीक. पण शाळेची रजिस्टरं, कोतवाल बुकं, महसुली दप्तर, हे सगळं कुणाच्या कपाटात आहे? सरकारच्याच. एका सरकारी कपाटातला कागद काढून दुसऱ्या सरकारी टेबलावर नेऊन ठेवायचं काम पोरांनी करायचं आणि त्याला उशीर झाला की दोषही पोरांचा!

आणि हे बदलता येत नाही असं अजिबात नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, तेव्हा गावोगावची जुनी रजिस्टरं उघडली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले, लाखो नोंदी सापडल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. एका समाजासाठी जे काही महिन्यांत झालं, ते सगळ्यांसाठी का होऊ नये? रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात कॉलेजातच विद्यार्थ्यांचे अर्ज भरून घेऊन प्रमाणपत्रं देण्याचा उपक्रम झाला, ‘मंडणगड पॅटर्न’ म्हणून तो ओळखला गेला. तसं शिबिर लोणारला, बीबीला का नको?

जगात वंशाचा पुरावा देत रांगेत उभे असलेले आपण एकटे नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची मुलं पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी आईबापाच्या जन्मनोंदी लिस्बनला पाठवून वाट बघत बसतात. आसाममध्ये तर स्वतःच्या देशाचे नागरिक आहोत हे सिद्ध करायला १९७१ च्या आधीचे कागद शोधावे लागले. तिथं निदान जुन्या याद्या ऑनलाइन शोधायची सोय सरकारनं केली होती. तरीही २०१९ च्या अंतिम यादीबाहेर १९ लाखांवर माणसं राहिली. धडा साधा आहे. कागद नाही म्हणजे माणूस नाही, असं मानणारी व्यवस्था सर्वात आधी गरिबाला गाळते.

म्हणून या रविवारी एवढं करा. घरातली ती जुनी पत्र्याची पेटी उघडा. आजी असेल तर तिला जवळ बसवा आणि नावं लिहून घ्या: कोण कुणाचा, कुठल्या गावचा, कुठल्या शाळेतला. ती आहे तोवरच हे कळणार आहे. सगळ्या कागदांची एक फाइल करा, फोटो काढून ठेवा. तुमची व्हॅलिडिटी आली की ती फाइल धाकट्या बहिणीसाठी, चुलतभावासाठी जपून ठेवा. तुम्हाला दीड वर्ष लागलं असेल, तर तिला दोन महिने लागू द्या.

आणि ग्रामसभेत एकदा उभे राहून विचारा, आपल्या गावचं जुनं दप्तर स्कॅन कधी होणार? उत्तर लेखी मागा.