कोड दिसला, सेन्सर बदलला?
थंड असताना पहिल्याच सेल्फला सुरू होणारी गाडी घाट चढून चहाला थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायला रडवते, तेव्हा संशय कॅमशाफ्ट सेन्सरवर जातो, आणि तो रास्तही असतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक होते. कोणत्या सिलिंडरची पाळी आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, या बोटभर सेन्सरकडून कळतं. स्कॅनरवर पी०३४० हा कोड उमटला की अनेक मेकॅनिक थेट नवा सेन्सर मागवतात. ही घाई ग्राहकाला महागात पडते, कारण तो कोड दोष सर्किटमध्ये आहे एवढंच सांगतो. आधी सॉकेट काढून पाहावं: आत तेल झिरपलंय का, पिनांवर हिरवट थर आहे का, वायर कुठे घासलीय का. मग मल्टिमीटर. तीन तारांच्या हॉल सेन्सरला बहुतेक गाड्यांत ५ किंवा १२ व्होल्ट मिळतात. पुरवठा आणि अर्थिंग ठीक असूनही सेल्फ मारताना सिग्नल येत नसेल, तरच सेन्सरवर खर्च करावा. सोबत पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड, असेल तर टायमिंग चेन ढिली झाली आहे का, हेही तपासायलाच हवं. बदलणं मात्र सोपं: बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, सेन्सरचा बोल्ट सोडायचा, नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं आणि सेन्सर हातानेच दाबून बसवायचा.