लाल शाईपलीकडे

बँकेत एका रुपयाच्या फरकासाठी मी कित्येक रात्री जागून काढल्या. चूक दिसली की खोडणे, हाच बाणा. परवा नाशिकच्या घरी नातवाने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा १९७८ सालचा जपानी व्हिडिओ गेम दाखवला. शत्रू कमी होतात, तसे उरलेले अधिक वेगाने चालून येतात. वस्तुतः ती यंत्राची मर्यादा होती. पडद्यावरील चित्रे घटली की प्रोसेसरचा भार हलका होई व गती आपोआप वाढे. निर्माते तोमोहिरो निशिकादो यांनी ती तशीच राहू दिली आणि तीच खेळाची गोडी ठरली.

हिशेबातील चूक सुधारलीच पाहिजे. परंतु एका तरुण लिपिकाची निराळी मांडणी मी समजून न घेताच लाल शाईने खोडली होती, हे त्या क्षणी आठवले.

नातवाला म्हटले, “पुन्हा एकदा दाखव.”