काळ्या नदीचे हिरवे खोरे

मराठवाड्यात हिरव्या रंगाला मुदत असते. मृगाच्या पेरणीनंतर तो उगवतो, पोळ्याच्या सुमारास भरास येतो आणि सोयाबीनच्या राशी झाल्या की ओसरू लागतो. फाल्गुनापर्यंत रेणा नदीच्या पात्रातील खडक उघडे पडतात. एप्रिल २०१६ मध्ये तर मिरजेहून रेल्वेच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आणावे लागले. ती पहिली गाडी आली तो दिवस या परिसरातील माणूस विसरलेला नाही.

अशा रेणापूरच्या बाजारपेठेतील एक आडत व्यापारी आणि त्यांची पत्नी तुरीचा हंगाम आटोपल्यावर मॉरिशसला गेले. मुलाने हौसेने तिकिटे काढून दिली होती. सामानात खाकरे, मेतकूट आणि गूळपापडी होती, कारण कंदमुळे वर्ज्य आणि सूर्यास्तानंतर भोजन नाही, हा नियम परदेशातही मोडायचा नव्हता. समुद्र दोन दिवसांत पाहून झाला. तिसऱ्या दिवशी गाडी बेटाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराकडे वळली.

तेथील नदीचे फ्रेंच नाव ‘रिव्हिएर न्वार’, म्हणजे काळी नदी. तिने कोरलेल्या दऱ्यांना इंग्रजीत ‘ब्लॅक रिव्हर गॉर्जेस’ म्हणतात. १९९४ मध्ये साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक असा हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. बेटावरील सर्वोच्च शिखर याच बाजूला आहे. त्याची उंची ८२८ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जेमतेम निम्मी. पण समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात आणि बेटाच्या माथ्यावर किनाऱ्याच्या कित्येक पट पाऊस पडतो.

कठड्यापाशी उभे राहिल्यावर दोघेही बराच वेळ बोलले नाहीत. खाली दरीच्या तळापर्यंत झाडीच झाडी, समोरच्या कड्यावरून उतरणारी पाण्याची धार आणि तिच्यावरून तरंगत जाणारे लांब शेपटीचे पांढरे पक्षी. काकू अखेर म्हणाल्या, “अहो, इतकं पाणी वाहून जातं आणि कुणी अडवत नाही?” ज्यांनी टँकरच्या रांगेत घागरी लावल्या आहेत, त्यांना सौंदर्याआधी पाणीच दिसणार.

गाडीचा चालक तरुण होता. पाहुणे महाराष्ट्रातले आहेत हे कळताच त्याने हात जोडले आणि अडखळत्या मराठीत म्हणाला, “काका, आमचे पूर्वज रत्नागिरीकडून आले.” १८३४ पासून करारावर आणलेल्या भारतीय मजुरांनी हे बेट उभे केले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसा मानला जातो. त्यांत मराठी माणसेही होती. त्यांच्या वंशजांची घरची बोली आज बहुधा क्रेओल आहे, पण शाळेत मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

त्या मजुरांना आणले होते उसासाठी आणि ऊस लावला गेला तो जंगल तोडून. १५९८ मध्ये डच लोक उतरले तेव्हा जवळजवळ संपूर्ण बेट अरण्याने झाकलेले होते. त्यांनी आबनूस तोडून नेला, त्यांच्याच काळात ऊस आला आणि शंभर वर्षांच्या आत डोडो हा पक्षी पृथ्वीवरून नाहीसा झाला. आज मूळचे चांगले अरण्य दोन टक्केही उरलेले नाही, आणि जे आहे ते मुख्यतः या दऱ्यांत आहे.

दिसणारी सारी हिरवाईही खरी नाही. चालकाने बोट दाखवून सांगितले की, रस्त्याकडेची दाट झुडपे बाहेरून आणलेल्या चिनी पेरूची आहेत आणि ती मूळच्या रोपांना वर येऊ देत नाहीत. आडत व्यापाऱ्यांना लगेच ओळख पटली. “म्हणजे आमच्याकडची वेडी बाभूळच की,” ते म्हणाले. जंगलखात्याने काही भाग कुंपण घालून राखले आहेत आणि त्यांतील परकी झुडपे हातांनी उपटली जातात. याच अरण्यातील ससाण्याची एक जात १९७४ मध्ये अवघ्या चार पक्ष्यांवर आली होती. पिल्ले जपून वाढवून, पुन्हा रानात सोडून ती वाचवली गेली. जीवदया केवळ पांजरपोळापुरती नसते, हे येथे दिसते.

व्यापारी मनाला अधिक भिडावी अशी हकिगत मात्र एका फ्रेंच अधिकाऱ्याची आहे. पिएर प्वाव्र हे त्याचे नाव. फ्रेंच भाषेत ‘प्वाव्र’ म्हणजे मिरे. १७६७ मध्ये तो या बेटाचा कारभारी झाला. लवंग आणि जायफळ यांच्या व्यापारावर तेव्हा डचांची मक्तेदारी होती. त्याने मोलुक्का बेटांतून रोपे मिळवून १७७० मध्ये येथे लावली आणि ती मक्तेदारी फोडली. पुढे लवंगेची लागवड याच बेटांच्या वाटेने झांझिबारला पोहोचली. किराणा दुकानाच्या बरणीतील लवंगेमागे असा इतिहास आहे.

पण त्याचे मोठे काम वेगळे होते. झाडे तोडली तर पाऊसपाणी आटेल, असे त्याचे मत होते. त्याच्या कारकिर्दीत, १७६९ मध्ये, नियम झाला की प्रत्येक जमीनधारकाने एक चतुर्थांश जमीन, विशेषतः डोंगरउतारावरची, जंगलाखाली ठेवावी आणि पाण्याच्या काठची झाडे तोडू नयेत. पुढे उसाच्या भावापुढे तो नियम टिकला नाही. तरीही विचार पक्का होता. बँकेलासुद्धा ठेवींतील काही भाग राखून ठेवावाच लागतो. तो पैसा मिळवत नाही असे वाटते, पण त्याच्यामुळेच बाकीचा व्यवहार उभा असतो.

दोघे परतले तेव्हा रेणापुरात ऊन तापू लागले होते. कुटुंबाची नदीकाठी बारा एकर जमीन आहे. काठाला करंज, उंबर आणि जांभळाची जुनी झाडे आहेत, मधूनमधून वेडी बाभूळ. ती सारी काढून काठापर्यंत ऊस लावावा, असा मुलाचा बेत होता आणि यंत्रही ठरले होते.

वडिलांनी यंत्र थांबवले. “चौथा हिस्सा राखायचा,” ते म्हणाले.

मुलाने कागदावर हिशेब मांडला. तीन एकरांचे उत्पन्न दरसाल बुडणार होते आणि आकडा लहान नव्हता. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दुकानाचे कर्ज त्यालाच फेडायचे होते. काकूंनी एवढेच विचारले, “टँकरच्या वर्षी आपली विहीर किती दिवस आधी आटली होती, ते मांडलंस का यात?”

दोन दिवस घरात बोलणे बेताचेच झाले. शेवटी काठचा दीड एकराचा पट्टा राखायचे ठरले. वेडी बाभूळ निघेल, जुनी झाडे राहतील आणि रिकाम्या जागी अर्जुन आणि उंबर लागतील. चौथ्या हिश्श्याऐवजी आठवा हिस्सा, असा तो सौदा झाला. नको त्या वस्तूचा त्याग सोपा असतो. उत्पन्न देणारी जमीन आपणहून सोडणे, हा अपरिग्रहाचा अवघड पाठ आहे.

वडिलांनी त्याच संध्याकाळी विहिरीच्या पाण्याची पातळी मोजून वहीत तारखेसह लिहिली. दरवर्षी त्याच तिथीला ती लिहायची आहे. ताळेबंद मुलानेच मांडावा, असे त्यांनी सांगितले आहे.