तिचा स्वभाव नव्हे, तिचे दुखणे



आदिलाबादेतल्या आपल्या घरांत बाळंतीण रडत राहिली की आपण म्हणतो, "तिचा स्वभावच तसा. विश्वास कमी पडतो." आम्हीही हे बोललो आहोत. आता पुरे.

एली याजकाने दुःखाने प्रार्थना करणाऱ्या हन्नाला दारू प्यालेली ठरवले (1 शमुवेल 1). पण खरे कळताच त्याने तिला शांतीने पाठवले. आपण तेवढे तरी करतो का?

डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या गोव्यातल्या 2002 च्या अभ्यासात बाळंतपणानंतर 6 ते 8 आठवड्यांनी 23 टक्के मातांना नैराश्य आढळले. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले नाते ही त्यामागची मोठी कारणे होती. काळजी करणाऱ्या स्वभावाच्या बाईला धोका अधिक, हे खरे. म्हणूनच तिला गरोदरपणापासून जपायचे. दोष द्यायचा नाही.

बाळ पाहायला जाल तेव्हा आईलाही विचारा, "झोप लागते का? जीव नकोसा होतो का?" दोन आठवड्यांत उदासी सरली नाही, तर दवाखान्यात न्या. जीव नकोसा म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानसचा मोफत क्रमांक 14416 आहे. प्रार्थना सोबत चालू द्या. औषधाच्या जागी नको.