राग पर्यटकांवर, नियम रहिवाशांना

गेल्या नोव्हेंबरात टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरलो, तेव्हा आम्हा दोघांचीही ती जपानची पहिलीच खेप होती. पुण्यातल्या महाविद्यालयापासूनचा माझा मित्र २०२४ मध्ये जर्मन नागरिक झाला. अल्पकाळच्या पर्यटनासाठी त्याला व्हिसा लागत नाही. माझे पारपत्र अजून भारतीयच. म्हणून ड्युसेलडॉर्फच्या इमरमानश्ट्रासेवरील जपानी वाणिज्य दूतावासात कागदपत्रे आणि दिवसवार प्रवासयोजना देऊन मी व्हिसा घेतला होता. विमानतळावरच्या तपासणीत मात्र हा भेद उरला नाही. 'परदेशी' अशी एकच पाटी, दोघांच्याही बोटांचे ठसे, दोघांचीही छायाचित्रे.

"पासपोर्ट बदलून काय मिळवलंस?" मी विचारले.

"तुझ्यापेक्षा कमी कागद," तो म्हणाला.

शिंजुकू स्थानकाला दोनशेच्या वर दारे आहेत. त्यांतले आपले दार शोधण्यात आमचा पहिला अर्धा तास गेला. मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्यांना गर्दीचे भय नसते. नवल वाटले ते गर्दीतल्या शांततेचे, आणि गाड्यांच्या वक्तशीरपणाचे. (२०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या, हे वाचकांस वेगळे सांगायला नको.) शिबुयात रात्री रस्त्यावर मद्यपानास बंदी असल्याच्या सूचना दिसल्या. ऑक्टोबर २०२४ पासून ती वर्षभर लागू आहे आणि तिचा रोख प्रामुख्याने आमच्यासारख्या पाहुण्यांकडेच आहे.

जपानमध्ये २०१२ साली सुमारे ८४ लाख परदेशी पाहुणे आले होते. २०२४ मध्ये ही संख्या ३ कोटी ६८ लाखांवर गेली आणि २०२५ मध्ये तिने ४ कोटींचा टप्पा ओलांडला. २०३० पर्यंत ६ कोटींचे उद्दिष्ट सरकारनेच ठेवले आहे. शिवाय येन घसरला: २०२० च्या सुमारास एका युरोला १२० येन मिळत, आम्हाला १८० च्या आसपास मिळाले. युरोत पगार घेणाऱ्याला टोकियो स्वस्त वाटते. येनमध्ये पगार घेणाऱ्या टोकियोकराला आपल्याच शहरातले हॉटेल परवडेनासे होते. फुजी पर्वताचे छायाचित्र घेण्यासाठी एका दुकानासमोर झुंबड उडू लागली, तेव्हा फुजिकावागुचिको गावाने मे २०२४ मध्ये रस्त्याकडेला काळे जाळीदार पडदेच उभारले. असा त्रास काल्पनिक म्हणता येत नाही.

प्रश्न आहे तो या त्रासाचे राजकारणात काय झाले, हा. जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत 'जपानी प्रथम' म्हणणाऱ्या सानसेइतो पक्षाने १४ जागा जिंकल्या. सप्टेंबरात सानाए ताकाइची यांनी नाराच्या हरणांना लाथा मारणाऱ्या परदेशी पर्यटकांचा उल्लेख भाषणात केला; ऑक्टोबरात त्या पंतप्रधान झाल्या. एव्हाना दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात मिसळल्या होत्या. आठवडाभर फिरून जाणारा पर्यटक 'परदेशी' आणि वर्षानुवर्षे कर व निवृत्तिवेतनाचा हप्ता भरणारा रहिवासीही 'परदेशी'. या रहिवाशांची संख्या ४० लाखांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या ३ टक्क्यांच्या आसपास आहे.

पर्यटकावर फार कठोर होणे सरकारला परवडत नाही. ताकाइची यांच्या तैवानविषयक वक्तव्यानंतर नोव्हेंबरात चीनने आपल्या नागरिकांना जपानला न जाण्याचा सल्ला दिला. डिसेंबरात चिनी पाहुणे जवळपास निम्म्याने घटले आणि गर्दीवर चिडलेल्या देशात रिकाम्या खोल्यांची चिंता सुरू झाली. पर्यटकाकडून म्हणून पैसे घेतले जातात: देश सोडतानाचा १,००० येनचा कर येत्या जुलैपासून ३,००० होणार आहे. एवढ्याने कोणी सहल रद्द करणार नाही. रहिवाशाचे तसे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्यवसायासाठीच्या व्हिसाची किमान भांडवलाची अट ५० लाख येनवरून एकदम ३ कोटींवर नेण्यात आली. बनावट कंपन्यांना आळा घालणे हे त्याचे अधिकृत कारण. झळ मात्र छोट्या उपाहारगृहवाल्यांनाही बसते.

जर्मनीत राहणाऱ्यास हे ओळखीचे वाटावे. येथील वाद आश्रितांविषयी आहे; फेब्रुवारी २०२५ मध्ये एएफडीला २०.८ टक्के मते मिळाली, ती त्याच लाटेवर. चॅन्सलर मेर्त्स यांनी ऑक्टोबरात 'शहरांच्या रूपा'बद्दल विधान केले, तेव्हा त्यांना काम करणारे स्थलांतरित अभिप्रेत नव्हते, असा खुलासा पुढे आला. पण त्याच महिन्यात रद्द काय झाले? तीन वर्षांत नागरिकत्व देणारी तरतूद. उत्तम जर्मन, स्वतःची कमाई आणि विशेष कामगिरी असणाऱ्यांसाठीच ती होती. आश्रितांवरचा राग अभियंत्याच्या अर्जावर निघाला. पाच वर्षांचा मार्ग शाबूत आहे, हे खरे; पण संकेत कोणाला मिळाला, हे माझ्या मित्राच्या कार्यालयातील भारतीय सहकाऱ्यांना विचारावे.

शेवटच्या दिवशी आम्ही निशी-कासाईला गेलो. २००० च्या सुमारास संगणक अभियंते म्हणून आलेल्या भारतीयांची वस्ती तेथे वाढली. ज्या एदोगावा विभागात ती येते, तेथूनच २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ विभाग परिषदेवर निवडून आले. एका लहान भारतीय उपाहारगृहात जेवलो. मालकाने हिंदीत विचारपूस केली, जर्मनीत अशी खानावळ काढायला किती भांडवल लागते तेही विचारले. जुन्या परवानाधारकांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत मुदत आहे. मुलगी तेव्हा नववीत असेल, असे तो बिल करताना म्हणाला.